मुदत संपल्यानंतर : मुंबई-ठाणे पट्ट्यातील अनुरक्षणाचा इतिहास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे चाल ठरलेली असते. स्थापनेचे साल, संस्थापकांची तळमळ, भाड्याच्या दोन खोल्या, मग स्वतःची वास्तू, देणगीदारांची नामावली आणि शेवटी सगळे आवडीने वाचतात ते पान : ‘आमचे माजी विद्यार्थी’. त्या पानावर कुणी डॉक्टर झालेले असते, कुणी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असते, कुणी साता समुद्रापलीकडे गेलेले असते. बालगृहांच्या इतिहासाला हे पान नसते. त्याचे एक कारण चांगले आहे. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने बंदी केली आहे आणि ती योग्यच आहे. दुसरे कारण तेवढे चांगले नाही. ते शेवटी येईल.

या लेखात ज्या संस्थेचा इतिहास आहे तिला एक इमारत नाही, एक स्थापनादिन नाही आणि तसबीर लावावी असा एक संस्थापकही नाही. कुटुंबसंस्था, विवाहसंस्था असे आपण म्हणतो त्या अर्थाने ती संस्था आहे. तिचे नाव अनुरक्षण.

‘रिमांड होम’ हा शब्द माहीत नसलेले मराठी घर सापडणार नाही. पोराने फार उच्छाद मांडला की ‘थांब, रिमांड होममध्येच टाकते तुला’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. याच रिमांड होमच्या, म्हणजे आताच्या निरीक्षणगृहाच्या वा बालगृहाच्या पाटीवर अनेक जिल्ह्यांत ‘जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना’ असे चालक संस्थेचे नाव असते. त्यातला शेवटून दुसरा शब्द वाचून ‘म्हणजे काय हो?’ असे विचारणारा विरळाच. अनु म्हणजे मागून. मूल संस्थेच्या दारातून बाहेर पडल्यावर त्याच्या मागून जाऊन केलेले रक्षण, ते अनुरक्षण. कार्यालयीन भाषेत संस्थेतल्या मुलाला ‘प्रवेशित’ म्हणतात आणि त्याच्या राहण्याच्या काळाला ‘मुदत’. अठरा पूर्ण झाली की मुदत संपते. पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो पावणेदोनशे वर्षांचा धडपडता, अर्धवट राहिलेला प्रयत्न आहे, त्याची ही हकिकत.

१८५० : पहिला कायदा बाहेर पडण्याचाच

गंमत अशी की आपल्याकडे मुलांसाठी झालेला पहिला मानला जाणारा कायदा मुलांना आत ठेवण्यासाठी नव्हताच. कंपनी सरकारच्या काळातला १८५० चा एकोणिसावा कायदा हा उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसचा कायदा होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला पालकाने, किंवा अनाथ असेल तर मॅजिस्ट्रेटने, एखाद्या कारागिराकडे धंदा शिकायला बांधून द्यायचे. करार जास्तीत जास्त सात वर्षांचा आणि मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंतचाच. मुलगी असेल तर तिचे लग्न होईपर्यंतचा. उद्देश कायद्याच्या सुरुवातीलाच नोंदलेला आहे : गरीब मुलांनी, विशेषतः धर्मादायावर वाढलेल्या अनाथांनी हातचा धंदा शिकावा, म्हणजे वयात आल्यावर त्यांना आपले पोट भरता येईल.

त्या कायद्यामागे भूतदया किती आणि स्वस्त हातांची निकड किती, याचा हिशेब आता लागणार नाही. पण दोन गोष्टी त्याने ओळखल्या होत्या. मुलाला सांभाळण्याचा शेवट त्याला पायावर उभे करण्यात असतो, ही एक. आणि त्याला एकवीस वर्षे लागतात, ही दुसरी.

त्याच सुमाराला मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकाराने भटक्या, निराधार मुलांना हातचे काम शिकवणारी उद्योगशाळा निघाली. बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये तिची मोठी संस्था झाली. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. नावात ‘औद्योगिक’ आधी आले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उद्योगशाळा निघाली तेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी जायला तीन वर्षे आणि कल्याणपर्यंत पोचायला चार वर्षे अवकाश होता. पुढच्या काळात याच रुळांवरून हजारो मुले घर सोडून मुंबईकडे येणार होती.

१८७५ ते १९२७ : अठराचा आकडा

१८७५ च्या सज्ञानता कायद्याने हिंदुस्थानात सज्ञान होण्याचे वय अठरा ठरवले. पण त्यात एक अपवाद होता. ज्याच्यावर न्यायालयाने पालक नेमला आहे किंवा ज्याची इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे आहे, तो मुलगा एकविसाव्या वर्षी सज्ञान होणार. वाडा, जमीनजुमला, दागदागिने असलेल्या पोरक्या वारसाला आणखी तीन वर्षे जपले पाहिजे, हे सरकारला पटत होते. अंगावरच्या कपड्यांनिशी राहिलेल्या पोरक्याला मात्र तसे जपायचे कारण दिसले नाही. हा अपवाद १९९९ पर्यंत कायद्यात होता.

पाठोपाठ १८७६ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे आले. गुन्हा केलेल्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत ठेवायचे, पण अठरानंतर नाही. इथून विचाराची दिशा बदलली. १८५० मध्ये ‘कधीपर्यंत शिकवायचे’ असा प्रश्न होता, आता ‘कधीपर्यंत डांबायचे’ असा झाला. डांबून ठेवण्याला वयाची मर्यादा हवीच. पण शिक्षेसाठी घातलेली ती मर्यादा पुढे मायेलाही लागू झाली.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे काढण्याची शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. तो राबवण्यासाठी १९२७ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या पुढाकाराने मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीचे, लोकांच्या तोंडी ‘डोंगरीचे’, गृह ही तिची ओळख. हे गृह जुन्या डोंगरी तुरुंगाच्या आवारात आले. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांनी एकशे एक दिवस काढले तो हा तुरुंग. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, म्हणून महाराष्ट्राला ते दिवस ठाऊक आहेत. त्याच भिंतींच्या आत बालपण काढलेल्या मुलांनी किती दिवस मोजले, त्याचे पुस्तक नाही.

मुलींची वाट

अनुरक्षणाचा इतिहास मुलींच्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो. १८५० च्या कायद्यातली ‘लग्न होईपर्यंत’ ही अट शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या आश्रमांनी न लिहिता पाळली. पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये बालकाश्रम काढला. मुंबईत १९२७ मध्ये श्रद्धानंद महिलाश्रम उभा राहिला. अशा ठिकाणी मुलगी मोठी झाली की स्थळ पाहायचे, चार प्रतिष्ठितांच्या साक्षीने लग्न लावून द्यायचे आणि मंगळसूत्र, भांडीकुंडी देऊन पाठवणी करायची, ही रीत होती. तिची थट्टा करायचे कारण नाही. पाठवणी झालेल्या मुलीला आश्रम हे माहेर होते. पहिल्या दिवाळीला जायला एक दार होते. अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला तेही नव्हते.

पण लग्न लागले म्हणजे प्रश्न सुटला, हे मानायला काही जणांनी नकार दिला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आणलेल्या मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात छापखान्यापासून विणकामापर्यंत कामे शिकवली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तो मुलींना शिकवून स्वतंत्र करण्यासाठी. आणि या सगळ्यांच्या आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. यशवंताला मुदत नव्हती. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या तेव्हा दवाखाना त्या डॉक्टर मुलाचाच होता. मराठी मुलखात अनुरक्षणाचा याहून नेमका दाखला दुसरा नाही.

सोळा, अठरा, वीस, एकवीस

स्वातंत्र्यानंतर कायदे वाढले, पण वय मागेपुढे होत राहिले. १९४८ च्या मुंबई बालक कायद्यात ‘बालक’ म्हणजे सोळा वर्षांखालचा. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्या मंडळाने अनुरक्षणासाठी खास सल्लागार समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रा. माधव सदाशिव गोरे, पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेचे दीर्घकाळ संचालक आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांचा प्रश्न देशपातळीवर स्वतंत्रपणे मांडला गेला तो या अहवालात, आणि त्यानंतर राज्याराज्यांत अनुरक्षणगृहे निघू लागली. ‘अनुरक्षणगृह’ हा शब्द सरकारी मराठीत रुळला. लोकांच्या मराठीत तो कधीच उतरला नाही.

१९८६ च्या बाल न्याय कायद्याने देशभर एकच कायदा आणला. त्यात मुलगा सोळाचा आणि मुलगी अठराची होईपर्यंत अल्पवयीन. अनुरक्षण संघटनांना त्यात एक कलम मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या गृहांतील परिस्थितीची दखल घेतली आणि अशी संस्था राज्यसंस्थेचाच भाग मानली पाहिजे असे सांगितले. म्हणजे आतल्या मुलांची जबाबदारी धर्मादायाची नव्हे, सरकारची, हे पक्के झाले. बाहेर पडलेल्यांबद्दल तेव्हा कुणी याचिका केली नव्हती.

२००० च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांचे वय अठरा केले. सतरा पूर्ण झालेल्याला वीस वर्षांपर्यंत अनुरक्षणात राहता येईल असे म्हटले. २०१५ च्या कायद्याने एकवीस केले आणि २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, म्हणजे तेवीसपर्यंत, मुभा दिली. नियमांत बरेच काही चांगले आहे. सहा ते आठ जणांना मिळून तात्पुरते घर, शिकत असताना विद्यावेतन, कौशल्य प्रशिक्षण, धंद्यासाठी कर्जाची व्यवस्था, समुपदेशक. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बालकल्याण समितीपुढे ठेवायचा, असेही आहे.

पण कलम ४६ मराठीत आणताना एका क्रियापदापाशी थांबावे लागते. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात मिसळण्यासाठी आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. ‘द्यावे’ नव्हे, ‘दिले पाहिजे’ नव्हे. आत असलेल्या मुलाला जेवण ‘देता येईल’ असे कायदा कुठेही म्हणत नाही. अनुरक्षणाचा सगळा दुबळेपणा त्या एका क्रियापदात आहे. इंग्लंडने २००० मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी वेगळा कायदा केला. प्रत्येकाच्या नावाने एक सल्लागार नेमायची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आणि पुढे ती पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढवली. पैशापेक्षा ही गोष्ट आपल्याला अधिक शिकवणारी आहे. त्यांनी योजनेबरोबर माणूस दिला.

कल्याण जंक्शन

आता आपल्या पट्ट्याकडे. कसाऱ्याची आणि कर्जतची, म्हणजे नाशिककडची आणि पुण्याकडची, दोन्ही वाटा कल्याणला एकत्र येतात. घरातून पळालेले, हरवलेले, कुणी आणून सोडलेले पोर मुंबईच्या अलीकडे कुठे उतरत असेल तर ते इथे. टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ मध्ये सुरू झालेला १०९८ हा बालमदत क्रमांक, रेल्वे पोलीस, फलाटावर फिरणारे कार्यकर्ते यांच्यामार्फत ते बालकल्याण समितीपुढे येते. समतोल फाउंडेशनसारखी संस्था अशा मुलांना समजावून, त्यांचे मन वळवून पुन्हा त्यांच्या घरी पोचवते. कल्याण तालुक्यातल्या मामनोलीचे तिचे शिबिर या भागात परिचित आहे. ते अनुरक्षण नव्हे, पण अनुरक्षणाची गरजच पडू नये म्हणून केलेले काम म्हणून त्याची नोंद या इतिहासात हवी. ज्यांना परतायला घर नाही ती मुले उल्हासनगर, भिवंडी आणि जिल्ह्यातल्या स्वयंसेवी बालगृहांत वाढतात. डोंबिवलीची जननी आशिषसारखी संस्था तान्ह्यांना सांभाळते, दत्तक घरे शोधते. तान्ह्यासाठी आईवडील रांगेत उभे असतात. सतरा वर्षांच्या मुलासाठी कुणी अर्ज करत नाही.

संस्थेत न जाता नातेवाइकांकडे वा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. दरमहा ४२५ रुपयांचे १,१०० झाले, २०२३ मध्ये २,२५० झाले. आजी, मामा, मावशी यांच्या आधारावर उभी असलेली ही योजना अनेक घरांत शाळेची फी आणि वह्या-पुस्तके पुरवते. तिचीही मुदत अठरा. तिकडे खोली जाते, इकडे हप्ता थांबतो.

या पट्ट्यात अठरा पूर्ण झालेल्याला काम मिळणे ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली. मग डोंबिवली, अंबरनाथ. अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे इथे आयटीआय आहेत. फिटर, वायरमन, वेल्डर झालेल्या मुलाला कुठेतरी हेल्परची जागा मिळते. बाकीच्यांना भिवंडीच्या गोदामांत पॅकिंगचे काम, मॉलमध्ये उभे राहायचे काम, मोटरसायकल असेल तर डिलिव्हरी.

कठीण असते ती खोली. दिवा, कळवा, विठ्ठलवाडी, आंबिवली, टिटवाळा, कुठेही जा. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलालाची दलाली, पोलीस पडताळणी. मालक विचारतो, ‘गाव कुठलं? वडील काय करतात?’ दोन्ही प्रश्न आपल्याकडे सहज विचारायचे आहेत, त्यात वाईट हेतू नसतो. पण अठरा वर्षांचे पोर तिथे गप्प होते. त्याच्या आधार कार्डावर पत्ता असतो तो बालगृहाचा. खरे सांगावे तर ‘रिमांड होम’ हा शब्द मालकाच्या डोळ्यांत दिसतो. खोटे सांगावे तर पडताळणीत उघडे पडते. मराठी नावाला तीन घरे असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. अनेकांचे मधले घर रिकामे असते आणि तिसऱ्यात संस्थेने दिलेले आडनाव असते. बँकेचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, सिमकार्डाचा फॉर्म, प्रत्येक खिडकीवर त्या मधल्या घराचा खुलासा द्यावा लागतो.

याच्या जोडीला एक गोष्ट असते, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बालगृहात घंटा झाली की उठायचे, घंटा झाली की जेवायचे. कांद्याचा भाव माहीत नाही, गॅसचा नंबर कसा लावतात माहीत नाही. महिन्याचा पगार हातात आला की तो महिन्याच्या एकतीस दिवसांत वाटायचा असतो, हे कुणी करताना पाहिलेले नाही. आपल्या घरातली मुले हे शिकत नाहीत, नुसती पाहतात. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रे गल्लोगल्ली आहेत म्हणून पोट भरते. पण ताप आला तर कुणाला फोन करायचा? ज्या अधीक्षकांना, ज्या काळजीवाहक ताईंना आयुष्यभर ‘सर’, ‘मॅडम’ म्हटले, त्यांची तोवर बदली झालेली असते. पगाराच्या पहिल्या दिवशी मिठाईचा पुडा घेऊन मुलगा जुन्या बालगृहाच्या दारात येतो आणि दारावरचा नवा रखवालदार विचारतो, ‘कोण पाहिजे?’

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणातल्या तरुणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळचा डबा एवढ्यात ते संपतात. तरीही हे पैसे मोलाचे आहेत, कारण ते थेट त्याच्या बँक खात्यात जातात आणि मिळत राहिले तर पहिले वर्ष निभते. अडचण बहुधा रकमेच्या आधीची असते. हे पैसे मागता येतात, हेच कित्येकांना कुणी सांगितलेले नसते.

२०१८ आणि २०२१

या इतिहासातला एक अध्याय अनाथ मुलांनी स्वतः लिहिला. गोव्याच्या एका संस्थेत वाढलेली एक तरुणी अठरा पूर्ण झाल्यावर पुण्याला आली. पडेल ती कामे करत शिकली, सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेला बसली. मागासवर्गीय असल्याचा दाखला तिला मिळणे शक्य नव्हते, कारण जात माहीत नव्हती. नॉन-क्रीमीलेअर दाखला मिळणे शक्य नव्हते, कारण वडिलांचे उत्पन्न दाखवायला वडील नव्हते. घरदार असलेल्यांच्या स्पर्धेत तिला खुल्या गटात धावावे लागले. तिने मंत्रालयाचे दार ठोठावले. २ एप्रिल २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षण आणि नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय काढला. अनाथ कोण, संस्थेत वाढलेलाच की नातेवाइकांकडे वाढलेलाही, यावरून पुढे २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नियम बदलले. तरीही ‘अनाथ प्रमाणपत्र’ नावाचा कागद त्या रिकाम्या मधल्या घराला पहिल्यांदा उत्तर देऊ शकला.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. कोरोनाने आईवडील नेलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने पीएम केअर्समधून योजना आणली. अठराव्या वर्षी दहा लाखांचा निधी, त्यातून तेविसाव्या वर्षापर्यंत दरमहा विद्यावेतन, आणि तेवीस पूर्ण झाल्यावर सगळी रक्कम हातात. योजना उत्तम आहे. पण तिने नकळत एक कबुली दिली. अठरा वर्षांचे पोरके मूल एकट्याने उभे राहू शकत नाही, त्याला तेवीसपर्यंत आधार लागतो, हे सरकारला माहीत आहे. मग कोरोनाच्या आधी पोरक्या झालेल्यांना, फलाटावर सापडलेल्यांना, पाळण्यात सोडलेल्यांना तोच हिशेब का लागू नाही? १८७५ मध्ये इस्टेटवाल्या वारसाला एकवीस आणि निर्धनाला अठरा, असा भेद होता. पोरकेपणाचे कारण पाहून मदत ठरवणे हा त्या भेदाचाच नवा अवतार आहे.

शेवटचे पान

सिंधुताई सपकाळ यांनी आपल्या संस्थांत वयाची अशी रेघ मारली नाही. भाषणात त्या आपल्या मुलांचा आकडा सांगायच्याच, पण त्याहून रंगून जावई किती आणि सुना किती ते सांगायच्या. श्रोते हसायचे. त्या हसण्यात एक मोठी गोष्ट निसटून जायची. जावई आणि सुना मोजायच्या तर मूल बाहेर पडल्यावर कुठे गेले, कुणाशी जोडले गेले, सुखात आहे का, हे ठाऊक असावे लागते. बालगृहांचे अहवाल किती दाखल झाले, किती शिल्लक आहेत, किती बाहेर पडले ते सांगतात. सिंधुताईंचा हिशेब बाहेर पडल्यापासून सुरू व्हायचा.

बालगृहाच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांचे पान नसते, त्याचे दुसरे कारण हे आहे. कायद्याने नावे छापायला बंदी केली, मागे राहून चौकशी करायला नव्हे. ‘ओळख गुप्त’ या चांगल्या नियमाआड आपण ‘पत्ता माहीत नाही’ ही वाईट गोष्ट झाकत आलो.

म्हणून या पट्ट्यात मुलांसाठी काम करणाऱ्या सगळ्यांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या स्मरणिकेत ते पान छापावे. नाव एकही नको. यंदा किती जणांची मुदत संपली. वर्षभराने त्यातले किती जण फोन उचलतात. किती जणांकडे स्वतःच्या नावाचा भाडेकरार आहे. किती हातांना काम आहे. किती जणांनी मागितले म्हणून त्यांना अनुरक्षणाचे पैसे मिळाले. दिवाळीला किती जण आले. आणि किती जणांचा ठावठिकाणा लागत नाही. शेवटचा रकाना लिहायला हात जड होईल. तोच आधी भरावा.